खुंटीवरची दुनळी

१४ सप्टेंबर २०२५, रविवार. मलकापूर (कराड)

आज जतला बोलून आले. विषय मीच दिला होता: ‘कायदा ही कुणाची काठी?’ शाळेच्या पटांगणात मंडप, पुढे बायका, मागे मोटारसायकलींवर बसून ऐकणारी पोरं. पोरांकडे बोट करून म्हटलं, “तुमच्यातला एखादा कमरेला गावठी पिस्तूल लावून फोटो टाकतो आणि बाकीचे त्याला भाऊ म्हणतात. अरे, ज्याला बोलता येत नाही तो हत्यार दाखवतो! घटनेनं तुम्हाला जीभ दिलीय, ती काढा बाहेर!” बायका हसल्या, पोरं खाली बघायला लागली. असं झालं की माझ्या अंगात वीज खेळते. नंतर एक म्हातारी जवळ आली, दंडाला धरून म्हणाली, “बाई, तुज्या नवऱ्याला लय भ्या वाटत आसंल तुजं.” मी हसले. तिला काय सांगायचं?

घरी पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. पुढच्या खोलीत शिरताच नजर खुंटीवर गेली. बंदूक होती.

कुठंतरी लिहायला हवं, कारण बोलायला कुणी नाही. आम्हाला मूल नाही. घरात मी आणि सासूबाई. आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात. यांनी, म्हणजे मानसिंगनी (नाव लिहिताना अजून हात अडखळतो), फौजेतून आल्यावर कराडच्या एका बँकेत पहाऱ्याची नोकरी धरली. बँकेला परवान्याची स्वतःची बंदूक असलेला माणूस हवा होता, म्हणून ही बारा बोअरची दुनळी घेतली. सकाळी खांद्यावर टाकून जायचे. संध्याकाळी उंबऱ्याबाहेर थांबून बंदूक मधोमध बिजागरीशी मोडून उघडायचे, दोन्ही नळ्यांतून उजेड बघायचे आणि रिकामी आहे हे मोठ्यानं सांगायचे, “खाली हाय गं आई!” आतून आत्या म्हणायच्या, “मग हातपाय धू. जेव.” त्यानंतर बंदूक खुंटीवर. सहा वर्षं हाच नेम. खुंटी भरलेली म्हणजे हे घरात. खुंटी रिकामी म्हणजे ड्युटीवर.

मार्चमध्ये सुट्टीच्या दिवशी उसाला पाणी पाजायला गेले आणि सरीत बसले ते उठलेच नाहीत. त्या दिवशी बंदूक खुंटीवर होती. आजही आहे.

परवाना माणसाबरोबर संपतो. घरच्यांनी हत्यार लगेच पोलीस ठाण्यात जमा करायचं असतं. ठेवलं तर तो गुन्हा, आणि शिक्षा कमीत कमी दोन वर्षं. कॉलेजात राज्यशास्त्र शिकवते मी. हे सगळं दुसऱ्यांना समजावून सांगते. पण आत्यांचं काय करू? हे गेल्यापासून त्यांचं भान मधूनच सुटतं. खुंटीकडे बघून म्हणतात, “मानसिंग आलाय की. वाढ गं.” ती खुंटी रिकामी झाली तर म्हातारा जीव टिकेल का? त्यांच्यासाठी ठेवलीय. दसरा होऊ दे, मग जमा करून टाकेन.

आज मला जेवण नको होतं. गाडीत डोकं दुखत होतं. आत्या म्हणाल्या, “त्यो एकटाच जेवतोय व्हय? बस त्येच्या शेजारी.” बसले. दोन भाकरी कशा गेल्या कळलं नाही.

१७ सप्टेंबर

शेजारच्या रंगुबाई विचारायला आल्या, यंदा पितृपक्षात म्हाळ घालणार का. मी उत्तर शोधत होते, तोवर आत्याच म्हणाल्या, “वरीस झाल्याबिगर म्हाळ घालत न्हाईत बाई. माज्या लेकाला आत्ताशी सहा म्हैनं झालं. पुढल्या साली घालू.” अगदी स्वच्छ बोलल्या. मी दाराआड उभी होते. नंतर आत आल्या, मला बघितलं आणि लगेच म्हणाल्या, “मानसिंग निजलाय का गं? चहा टाक. त्येला अन् तुला.”

असं येतं आणि जातं. मी यावर पुष्कळ वाचलंय. म्हाताऱ्या माणसांशी अशा वेळी वाद घालायचा नसतो. चहा टाकला.

२२ सप्टेंबर, घटस्थापना

जयराजभाऊजी आले. माझे धाकटे दीर, चार घरं पलीकडे राहतात. नगरपालिकेच्या निवडणुकीला उभं राहायचंय. पांढरे कपडे आधीच शिवून तयार आहेत.

“वहिनी, दादाची बंदूक अशीच गंजवायची का?”

“गंजत नाही. मी तेल देते.”

“तेल दिऊन काय देव्हाऱ्यात बसवणार? वारसाला लायसन मिळतंय. तुमी आन् आईनं ना हरकतीवर सही केली की माझ्या नावावर. कायदा बी खूश, तुमी बी खूश.”

“तुम्हाला कशाला हवी बंदूक?”

“आवं, खांद्यावर दुनळी आसली की चार माणसांत वजन पडतंय.”

“वजनच हवं तर माझी पुस्तकं घ्या डोक्यावर.”

“त्येनं मान मोडती वहिनी, मतं पडत न्हाईत.”

खरं सांगायचं तर हसू आलं. हसताना भाऊजी डोळे बारीक करतात, हेही तसेच करायचे. पण सही केली नाही. मिरवण्यासाठी हत्यार मागणाऱ्याला माझी सही मिळणार नाही. हा तत्त्वाचा प्रश्न आहे.

ते गेल्यावर खुंटीपाशी गेले. बंदुकीचा चामडी पट्टा एके ठिकाणी घामानं काळा पडलाय, यांच्या खांद्याएवढाच. तिथं दुसऱ्या कुणी खांदा लावायचा. नको. पण मुख्य प्रश्न तत्त्वाचाच आहे.

२८ सप्टेंबर, रविवार

आज बंदूक उतरवून पुसली. सगळं यांनीच शिकवलेलं. आधी मोडून बघायची, रिकामी आहे याची खात्री करायची, मग काठीला फडकं गुंडाळून नळीतून फिरवायचं, शेवटी तेलाचा हात. मी विचारलं होतं, “मी कशाला शिकू? मी तर हत्याराच्या विरोधात बोलते.” म्हणाले होते, “ज्याच्या विरुद्ध बोलायचं ते निदान पुसता तरी यावं.”

तेलाचा वास बोटांना राहिला. हात धुतले नाहीत. दुपारी दसऱ्याच्या भाषणाची तयारी करायला बसले. सांगलीजवळ माधवनगरला बोलायचंय. यंदा दसरा आणि गांधीजयंती एकाच दिवशी आहे. केवढा विषय! पण बोटं सारखी नाकाशी जात होती आणि एक ओळ पुढं सरकली नाही.

लग्न झालं तेव्हा हे सुट्टीवर आले होते. हळद उतरायच्या आत परत गेले. पुढची सगळी वर्षं मी वाट बघण्यात काढली, आणि मला ते चांगलं जमायचं. आता ते दाराशी येतील म्हणून वाचायचं, ते ऐकतील म्हणून बोलायचं. बोलायला मी अशीच शिकले असेन. रिकाम्या घरात त्यांना उद्देशून मोठ्यानं बोलायचे. कुणी म्हणतं, बाईंचा आवाज लांबवर पोचतो. पोचायलाच हवा होता. सरहद्द लांब होती.

वाट बघणं मला येतं. हे जे आता चाललंय ते मला येत नाही. खुंटी भरलेली आणि घरात माणूस नाही.

आत्यांना किती त्रास होत असेल या गोष्टीचा.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

वर्षाच्या आत घरात सण नाही. पण आत्या म्हणाल्या, “सण न्हाई केला तरी हत्यार पुजल्याबिगर ठिवायचं न्हाई. त्येला राग येतोय.” सकाळीच विळा, खुरपं, कोयता, नांगराचा फाळ पाटावर मांडला. मधे बंदूक. हळद-कुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली. मी घटनेवर, विवेकावर बोलणारी बाई. पण दर खंडेनवमीला हे फौजी टोपी घालून पाटासमोर ताठ उभे राहायचे, ते आठवून मीही हात जोडले.

तेवढ्यात जयराजभाऊजी फेटा बांधून आले. पाया पडले. मग म्हणाले, “वहिनी, एक फोटो. दादाची आठवण.” आणि मी काही म्हणायच्या आत बंदूक खांद्यावर घेऊन दारात उभे राहिले. रेश्मानं, त्यांच्या बायकोनं, मोबाइलवर फोटो काढला.

मी काही म्हणायच्या आत, असं लिहिलं. तसं नाही. वेळ होता. ते उंबऱ्यात पाठमोरे उभे होते, फेट्याखाली तीच मान, खांद्यावर तीच दुनळी, समोरून सकाळचं ऊन. मी त्यांना थांबवलं नाही. एवढा वेळ मी श्वास धरून उभी होते.

दुपारी त्यांनी तो फोटो स्टेटसला टाकला. खाली लिहिलं, ‘वारसा’. मी कितीदा उघडून बघितला ते लिहीत नाही.

२ ऑक्टोबर, दसरा

माधवनगरचा हॉल भरला होता. पहिल्या वाक्यालाच पकड घेतली. “आज एका हातात आपट्याची पानं आणि दुसऱ्या हातात सूतमाळ घेऊन मी तुमच्यासमोर उभी आहे. सांगा, यातलं हत्यार कुठलं?” पुढं तासभर कुणी खोकलंसुद्धा नाही.

शेवटी प्रश्नांच्या चिठ्ठ्या आल्या. एकीवर लिहिलं होतं, ‘मॅडम, आपल्या घरच्या बंदुकीचा परवाना सध्या कुणाच्या नावावर आहे?’

भाऊजींचा फोटो कराडपासून सांगलीपर्यंत पोचला होता तर.

चिठ्ठी दडपता आली असती. वाचली. आणि मग माझी जीभ माझ्याआधी धावली. म्हटलं, “ज्या खांद्यानं वीस वर्षं या देशाची सीमा राखली, त्या खांद्यावरच्या हत्याराचा हिशेब विचारणाऱ्यानं आधी स्वतःचा खांदा तपासावा!” टाळ्यांचा कडकडाट. काही जण उभे राहिले. अध्यक्षांनी डोळे पुसले.

परवाना कुणाच्या नावावर, हे मी सांगितलं नाही. उत्तर न देता टाळ्या घेतल्या. वडाप जीपमधून परत येताना वाटलं, जतच्या त्या पोरांत आणि माझ्यात फरक काय? ते कमरेला लावून दाखवतात, मी व्यासपीठावरून. सोमवारी जमा करून टाकते. ठरलं.

२२ ऑक्टोबर, पाडवा

जमा केली नाही. सोमवारी आत्यांना ताप होता. पुढच्या आठवड्यात परीक्षा. मग दिवाळी.

आज घरात फराळ नाही, आकाशकंदील नाही. रंगुबाईंनी चिवडा आणून दिला, तो तसाच पडलाय. संध्याकाळी गल्लीत सगळीकडे पाडव्याची ओवाळणी चाललेली. बायकांची कुजबूज, पुरुषांचं उगाच लाजणं. मी दिवा न लावता बसले होते.

आत्या काठी टेकत आल्या. “पाडवा हाय. ओवाळायचं न्हाई व्हय त्येला?”

“कुणाला, आत्या?”

त्यांनी हनुवटीनं खुंटीकडे दाखवलं.

हे वाचून कुणी हसेल तर हसू दे. मी ताम्हण घेतलं, निरांजन लावलं, सुपारी फिरवली. बंदुकीच्या नळ्यांवर उजेड खालीवर झाला. फौजेत असताना हे पाडव्याला क्वचितच घरी असायचे. तेव्हा मी फोटोला ओवाळायची. घरी राहिले त्या सहा वर्षांत मात्र दरवर्षी ताम्हणात काहीतरी वेडं टाकायचे. एकदा बँकेत सापडलेलं पेनाचं टोपण टाकलं होतं. म्हणाले, “भाषणाला उपयोगी पडंल.” ते अजून माझ्या पर्समध्ये आहे.

आत्या शेजारी उभ्या होत्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. मोतीबिंदू पिकलाय. निरांजनाचा उजेड सहन होत नसणार. ऑपरेशनचं बघायला हवं.

त्यांचं समाधान झालं, हे महत्त्वाचं. मग आम्ही दोघींनी रंगुबाईंचा चिवडा खाल्ला.

५ नोव्हेंबर, बुधवार

काल आचारसंहिता लागली. आज दुपारी हवालदार तानाजी आले. निवडणुकीआधी परवान्याच्या बंदुका जमा करून घेतात, त्याची नोटीस. हाक मारली ती यांच्या नावानं.

“मानसिंगराव हायत का घरात?”

आत्या ओसरीवर शेंगा फोडत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “ड्युटीला गेलाय.”

हवालदारांनी दारातून आत बघितलं. “आजी, बंदूक तर हितंच हाय. ड्युटीला काय काठी घिऊन गेलं?”

“व्हय. आज काठीच नेली.”

त्यांना हसू आलं. मला मात्र नवल वाटलं. खुंटीवर बंदूक असताना आत्या ‘ड्युटीला गेलाय’ म्हणाल्या, असं आजवर कधी झालं नव्हतं. आजार वाढतोय.

मी बाहेर आले आणि सांगितलं. मार्चमध्ये गेले. हवालदारांनी टोपी काढून हातात घेतली. “आमच्याकडं कुणी कळवलंच न्हाई मॅडम. आमच्या लेखी ते हायत.”

त्या वाक्यानं मला काय व्हावं? भीती वाटायला हवी होती. त्याऐवजी क्षणभर बरं वाटलं. कराडात एक जागा अशी होती जिथे ते अजून होते, आणि त्यांना नोटीस निघत होती, त्यांनी यावं म्हणून.

मग हवालदारांनी मोबाइल काढला. फेटा, उंबरा, दुनळी. “हा फोटो साहेबांकडं आलाय. तुमच्या दिराच्या विरोधातल्या कुणीतरी धाडला. आत्ता कळतंय, बंदूक मयताची. आठ म्हैनं परवान्याशिवाय घरात. गुन्हा दाखल हुणार मॅडम, त्यात काय माझ्या हातात न्हाई. पण आत्ता पंच आणून उतरवली तर ती जप्ती. उद्या सकाळी तुमी होऊन आणून दिली तर कोर्टापुढं तेवढं तरी बोलता यील.” जाताना आत्यांना म्हणाले, “येतो आजी. मानसिंगरावांना सांगा, तानाजी येऊन गेला.”

“सांगते,” आत्या म्हणाल्या.

६ नोव्हेंबर

सकाळी जयराजभाऊजी अर्ज टाइप करूनच आले. वारसाच्या परवान्याचा, खाली ना हरकत. तारीख मार्चची.

“अर्ज कवाच दिल्ता, हापिसात पडून राह्यला, असं म्हणायचं. आत आपला माणूस हाय. एक सही करा वहिनी.”

“सही करते. आजची तारीख टाका.”

“आजच्या तारखेची काय आरती करू? माझं तिकीट जाईल. तुमची नोकरी जाईल. दोघांनी मिळून बुडायचं कशाला?”

“खोट्या तारखेवर तरंगायचं त्यापेक्षा...”

“ते भाषणात बरं वाटतंय. घरात माणसं ऱ्हात्यात वहिनी.”

पेन उघडलं होतं, हे लिहिलंच पाहिजे. नोकरीसाठी नाही. सही केली असती तर बंदूक चार घरं पलीकडे राहिली असती. एखाद्या संध्याकाळी वारा इकडचा असला तर ‘खाली हाय’ असं ऐकूही आलं असतं, जवळपास तशाच आवाजात. पेनाचं टोक कागदाला टेकलं होतं.

तेवढ्यात आत्या आतून आल्या. काठी न घेता सरळ खुंटीपाशी गेल्या. ज्या डोळ्यांना ताटातलं मीठ दिसत नाही, त्या डोळ्यांनी पट्टा एका झटक्यात धरला. बंदूक उतरवली, यांच्या फौजेतल्या कांबळ्यात गुंडाळली, लहान पोराला गुंडाळावं तशी. भाऊजींना म्हणाल्या, “जयराज, कागूद खिशात घाल.” आणि मला, “चल गं. ऊन व्हायच्या आत जाऊन यू.”

रिक्षात बंदूक आम्हा दोघींच्या मांडीवर आडवी होती.

ठाण्यात फौजदार तरुण होते, कामात बुडालेले. विचारलं, “हत्यार कुणाच्या ताब्यात होतं?”

“माज्या,” आत्या म्हणाल्या. “लिवा. बनुबाई. माजा ल्योक मार्चमधी वारला, बंदूक मी ठिवली. सुनंला काय ठावं न्हाई. ती दिसभर भाषणं करत हिंडती, घरात कवा असती?”

बाकावरचा एक जण हसला. फौजदार लिहायला लागले.

मी हजारोंपुढे बोललेय. तिथे कशी कोण जाणे, वाक्यं सापडेनात. म्हटलं, “साहेब, ते खोडा. बंदूक माझ्या ताब्यात होती. कायदा मला माहीत होता. मी ठेवली. फोटो काढला तेव्हाही मी समोर होते आणि थांबवलं नाही.”

संपलं. कुणी टाळी वाजवली नाही.

आत्या माझ्याकडे बघत राहिल्या. भीतीनं त्यांचं भान परत आलं असावं, नाहीतर मार्च महिना त्यांना कसा आठवला?

गुन्हा नोंदला. हत्यार कायद्याचं कलम तीन आणि पंचवीस. अटक नाही, बोलावतील तेव्हा हजर राहायचं, पुढं कोर्ट. फोटोतल्या माणसाला वेगळं बोलावणार. पिशवीतून आणलेला काडतुसांचा डबाही दिला. मग पंचांसमोर हवालदार तानाजींनी कांबळं उलगडलं. बंदूक मधोमध मोडली, खिडकीकडे धरली, दोन्ही नळ्यांतून उजेड बघितला आणि पंचांना ऐकू जावं म्हणून मोठ्यानं म्हणाले,

“खाली हाय!”

“मग हातपाय धुवा,” मी म्हणाले. “वाढते.”

ठाण्यातली सगळी माणसं माझ्याकडे बघायला लागली. हवालदार बंदूक तशीच उघडी धरून उभे. माझा आवाज मोठा आहे, हळू बोलायची मला सवय नाही.

आत्यांसाठी बोलले मी. ते वाक्य ऐकल्यावर त्यांच्या तोंडून उत्तर येणारच होतं; म्हाताऱ्या बाईचं चारचौघांत हसं व्हायला नको, म्हणून आधी बोलले. पण आत्या काहीच बोलल्या नव्हत्या. त्यांनी फक्त माझं मनगट धरलं, घट्ट. “चल माजे बाय,” म्हणाल्या. “घरी जाऊ.”

कांबळं परत मिळालं.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

काल एवढं लिहून हात थांबला. पुढचं आज.

आज सकाळी कॉलेजातून फोन आला, चौकशी होईपर्यंत येऊ नका. जतच्या मंडळाचाही आला. पुढच्या महिन्यातलं व्याख्यान रद्द करायचं का, असं अवघडून विचारत होते. म्हटलं, ठेवा. विषय तोच ठेवा. फक्त या वेळी सुरुवात माझ्या गुन्ह्याच्या नंबरापासून करेन, आणि चिठ्ठ्या आधी घेईन. जयराजभाऊजी बोलत नाहीत. तिकीट दुसऱ्याला गेलं. रेश्मानं मात्र मागच्या दारानं कालवण पाठवलं.

काल दिवसभर मला संध्याकाळची धास्ती होती. दिवेलागणीला आत्या ओसरीवरून आत आल्या. रोजच्यासारखी मान खुंटीकडे वळली. मी चुलीपाशी उभी, हातात परात. भिंतीवर बंदुकीच्या आकाराचा फिकट पट्टा तेवढा राहिलाय, बाकी भिंत धुरानं पिवळी. आत्या बराच वेळ बघत राहिल्या. आता रडतील, आता विचारतील, असं वाटलं.

“ड्युटीला गेला वाटतं,” त्या म्हणाल्या.

मी परात खाली ठेवली. “हो आत्या.”

“लांबची दिसतीया ड्युटी. यील तवा यील. तू जेवून घे.”

पोलिसांसमोर ‘ल्योक मार्चमधी वारला’ असं खणखणीत सांगून आलेली ही बाई, घराचा उंबरा ओलांडताच सगळं विसरली. डॉक्टरांना दाखवायलाच हवं.

मी जेवले. भूक लागली होती. खूप दिवसांत अशी लागली नव्हती. एक भाकरी तव्याशेजारी फडक्यात झाकून ठेवली, फौजेच्या दिवसांत ठेवायची तशी. मग दाराकडे तोंड करून बसले, वाचायला पुस्तक घेऊन. आत्या माझ्या शेजारी येऊन टेकल्या. का बसलीस म्हणून त्यांनी विचारलं नाही.

आजही तशाच बसलो आहोत. रस्त्यावर कुणाच्या चपला वाजल्या की आम्ही दोघीही मान वर करतो.